चांदी उजळली की पंधरा दिवसांत पुन्हा काळी? घासायच्या आधी हे तपासा

गौरी यायच्या चार-आठ दिवस आधी आमच्या घरी पिशव्या यायला लागतात. धाकट्या जावेची, समोरच्या काकूंची, नणंदेच्या सासूबाईंची. आत पैंजण, जोडवी, मासोळ्या, बाळाचे वाळे, गौरीचा कमरपट्टा, आणि बरोबर ठरलेलं वाक्य: "अगं, मागच्याच महिन्यात सोनाराकडून उजळून आणलं होतं, आता बघ!" माझं माहेर हुपरीच्या बाजूचं, म्हणजे कोल्हापूरजवळच्या चांदीच्या गावाकडचं. मामा पैंजणाच्या कारखान्यात घुंगरू झाळायचे (धातू वितळवून सांधे जोडायचे), आणि सुट्टीत आम्ही पोरं तिथेच लुडबुडायचो. तेवढ्या भांडवलावर मी सासरी चांदीतली जाणकार ठरले.

वीसेक वर्षं ही काळी चांदी हाताखालून गेल्यावर माझं मत पक्कं झालंय. एकदा काळी पडली तर तो चांदीचा स्वभाव. उजळल्यावर लगेच पुन्हा काळी पडत असेल तर दोष बहुतेक वेळा दागिन्यात नसतो. तो डब्यात असतो, कपाटात असतो, नाहीतर घरातल्या हवेत. तो न शोधता नुसतं घासत राहिलं की चांदी झिजते आणि काळेपणा तिथेच राहतो.

हे झिजणं किती खरं आहे ते आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. चांदी लोखंडासारखी हवेतल्या ऑक्सिजनने गंजत नाही. तिला काळं करतं गंधक. हवेतला गंधकाचा वायू (सडक्या अंड्यासारखा वास येतो तो) चांदीच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर बनतो. या काळ्या थरात वजनाने सुमारे 87 टक्के चांदीच असते. म्हणजे दंतमंजन लावून तुम्ही जे काळं पाणी बेसिनमध्ये सोडता, त्यातून तुमची चांदीच वाहून जाते. एका वेळी अगदी किंचित, पण दर महिन्याला घासलेली जोडवी दहा वर्षांनी दोऱ्यासारखी का होतात, याचं अर्धं उत्तर तिथे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे चालण्याने होणारी झीज.

आधी लक्षणं नीट बघा

दागिना खिडकीशी न्या. ट्यूबलाइटखाली सगळंच राखाडी दिसतं.

सगळ्या अंगावर सारखा पिवळट, मग तपकिरी, मग निळसर काळा रंग चढत गेलाय? ही साधी गंधकाची काळवंड. थर जाड होत जातो तसे रंग बदलतात. पिवळटावर असताना सापडली तर पाच मिनिटांचं काम असतं, निळ्या-काळ्यावर गेली की वेळ लागतो.

काळी रेघ किंवा पट्टा अगदी ठरावीक जागी आहे? म्हणजे त्या जागी काहीतरी टेकत होतं.

फक्त कडीच्या आणि घुंगरांच्या सांध्याशी काळं आहे, बाकी अंग बरं आहे? झाळायला वापरतात त्या मिश्रणात तांबं, जस्त जास्त असतं, म्हणून सांधा आधी काळवंडतो. यात काळजीचं काही नाही.

हिरवट, चिकट मळ किंवा कातडीवर हिरवा डाग? ते तांब्याचं काम. चांदी हलक्या टंचाची, म्हणजे कमी शुद्धतेची आहे, किंवा चांदी नाहीच.

घासल्यावर उंचवट्यांवर तांबूस किंवा पिवळसर धातू दिसतो? मुलामा उडालाय. घरचा कुठलाही उपाय यावर चालत नाही. इथेच थांबा आणि सोनाराकडे जा.

नक्षीच्या खोबणीत काळं आणि उंच भाग पांढरा, तोही दुकानातून आणल्यापासून तसाच? तो ऑक्सिडाइज्ड दागिना. ते काळं मुद्दाम केलेलं असतं. माझ्या एका भाचीने नवे झुमके आणले. तिच्या आजीने प्रेमाने रात्रभर चिंचेत भिजवले, सकाळी ब्रशने खसाखसा घासले आणि "बघ कसे लख्ख केले" म्हणून हातात ठेवले. भाची तोंडाने हो आजी, छान म्हणाली आणि आत जाऊन रडली.

पहिली तपासणी: नुसता मळच नाही ना? (खर्च शून्य)

पायातल्या दागिन्यांवर काळं दिसतं त्यात बरेचदा काळवंड कमी आणि मळ जास्त असतो. पायाची धूळ, घाम, तेल, साबणाचा खळ, गौरीच्या दागिन्यांवर हळदकुंकू. हे सगळं कड्यांच्या आत बसतं आणि ओल धरून ठेवतं, आणि ओल असली की काळवंडही लवकर येते. म्हणून रसायनं नंतर, आंघोळ आधी.

कोमट पाण्यात दोन-चार रिठे भिजवा, कुस्करा, गाळा. रिठे नसतील तर भांड्यांचा पातळ साबण चार थेंब. दहा मिनिटं भिजवून लहान मुलाच्या मऊ ब्रशने, कडीच्या दिशेने, हलक्या हाताने. मग साध्या पाण्यात दोनदा. वाहत्या नळाखाली धुवायचं असेल तर मोरीच्या जाळीवर आधी कापड टाका. एक तरी मासोळी गटारात गेल्याशिवाय हे शहाणपण कुणाला येत नाही.

पुसणं धुण्याइतकंच महत्त्वाचं. पैंजणाच्या साखळीत आणि पोकळ घुंगरात पाणी राहतं. जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर पसरून पंख्याखाली निदान दोन तास. उन्हात ठेवायचं कारण नाही. धुतल्यावर लगेच डबीत कोंबलेली चांदी पुन्हा काळी होते, त्यात नवल नाही.

एवढ्यानेच काम झालं असेल तर बाकीचं वाचायची गरज नाही.

दुसरी: ठेवता कशात? (खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हाच)

मागे काकूंनी पैंजणाचा एक जोड आणून दिला. लख्ख पांढरा, फक्त मधोमध चार कड्यांवर कोळशासारखी काळी पट्टी. मी बोट लावून बघितलं, पट्टीची रुंदी अगदी भाजीच्या जुडीला लावतात त्या रबराएवढी. "काकू, याला रबर लावलं होतं का?" तर म्हणे, "हो गं, गुंता होऊ नये म्हणून." रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात. चांदीला रबर लावणं म्हणजे काळवंडीला घरी बोलावून पाट मांडणं.

रबराखेरीज संशयित असे: लोकरी शाल किंवा स्वेटरच्या घडीत ठेवलेले दागिने (लोकरीत जात्याच गंधक असतं); वर्तमानपत्राचं पुडकं; जुनी मखमली डबी, जिच्या आतला गोंद आणि स्पंज आता चुरा व्हायला लागलाय; आणि नवं प्लायवुडचं कपाट, ज्याचा वास अजून गेलेला नाही. सोनाराचा गुलाबी कागद दुकानातून घरी येईपर्यंत ठीक आहे, पण तीच पुडी दहा वर्षं तशीच ठेवायची नसते.

नेहमी घातलेली चांदी ठेवलेल्या चांदीपेक्षा उजळ राहते, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. कारण साधं आहे, कातडीला आणि कपड्याला घासून थर जमूच शकत नाही. त्यामुळे पायातली जोडवी पांढरी आणि कपाटातला जोड काळा असं असेल, तर संशय सरळ कपाटावर घ्या.

ठेवायची पद्धत माझी अशी: पूर्ण कोरडा दागिना, धुतलेल्या जुन्या सुती कापडात, मग झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून. एका पिशवीत एकच नग, म्हणजे ओरखडे नाहीत आणि गुंताही नाही. आत सिलिका जेलची पुडी. नवीन बूट, पर्स घेतली की येते ती, फेकू नका. नसेल तर पांढऱ्या खडूचा तुकडाही थोडी ओल ओढतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ही पुडी महिन्याने बदलावी लागते. देशावर कोरड्या दिवसांत दोन-तीन महिने जाते.

तिसरी: अंगावर असताना तिला काय लागतं?

चांदी अंगावर काळी पडली की "उष्णता आहे अंगात", "नजर लागली", "दुखणं ओढून घेतलं" असं ऐकावं लागतं. नजरेचं मला माहीत नाही, पण गंधकाचे रस्ते माहीत आहेत.

कांदा, लसूण, हिंग यांचा वास बराचसा गंधकाच्या संयुगांचाच असतो. लसूण सोललेल्या हाताने अंगठी घालत असाल तर ती काळी पडणारच. अंड्याच्या पिवळ्या बलकात गंधक भरपूर असतं. बाळाला चांदीच्या चमच्याने अंडं भरवलं की तो चमचा त्याच जेवणात तपकिरी होतो. खरजेचं गंधकाचं मलम, मुरमांसाठी येणारा गंधकाचा साबण, काही कोंड्याचे शॅम्पू, केस सरळ करायची क्रीम हेही त्यातलेच. पायातल्या दागिन्यांना वेगळाच त्रास, फरशीवर पडणारं ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड. त्यातलं क्लोरीन चांदीवर राखाडी, चिवट थर आणतं, जो गंधकाच्या काळवंडीसारखा सहज निघत नाही. पोहण्याच्या तलावाचंही तेच. दिवाळीत फटाके उडवून आलेल्या पोरांच्या हातातलं चांदीचं कडं एकदा बघा, दारूत गंधक असतंच.

आणि हा एक किस्सा. ओळखीतलं एक नवपरिणीत जोडपं वज्रेश्वरीला गेलं, गरम पाण्याच्या कुंडात मनसोक्त पाय सोडून बसलं. संध्याकाळी मुलीचे पैंजण काळेकुट्ट. सासरकडचे थेट सोनाराच्या दुकानात, "खोटी चांदी दिलीत" म्हणून. तो बिचारा शपथा घेतोय. मग त्यानेच विचारलं, "ताई, कुठे कुंडाबिंडात गेला होतात का?" गंधकाचा वास येणाऱ्या झऱ्यात अस्सल चांदीच आधी काळी पडते. उलट स्टीलचे पैंजण तसेच चकचकीत परत आले असते.

पंधरा दिवस फक्त एवढं करा: स्वयंपाक, केस धुणं, संडास-बाथरूम धुणं, या वेळी दागिना काढून ठेवा. जोडवी काढत नसाल तर ते काम झाल्यावर लगेच साध्या पाण्याने पाय धुऊन कोरडे करा. फरक पडला तर कारण सापडलं.

चौथी: काळा थर काढायचा, पण चांदी न घालवता

आता प्रत्यक्ष सफाई. फॉइलचा उपाय तुम्ही कुठेतरी बघितलाच असेल. मी तो का वापरते आणि कशावर वापरत नाही, हे सांगते.

काचेचं किंवा चिनीमातीचं खोलगट भांडं घ्या. तळाला ॲल्युमिनिअमची फॉइल, चकचकीत बाजू वर. (दोन्ही बाजूंनी काम होतं, पण मला सवय लागलीय.) दागिना फॉइलला टेकलेला हवा, तरंगता नको, नाहीतर काहीच होत नाही. वर एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, एक लहान चमचा मीठ, आणि साधारण लिटरभर उकळतं पाणी. लगेच बुडबुडे येतात आणि किंचित सडक्या अंड्यासारखा वास. तो वास आला की समजायचं, गंधक सुटतंय. खिडकी उघडी ठेवा. दोन ते पाच मिनिटांत पिवळट-तपकिरी थर जातो. अगदी काळा असेल तर नवी फॉइल, नवं पाणी घेऊन पुन्हा एकदा. वापरलेली फॉइल डागाळलेली दिसेल, ती टाकून द्या.

यात होतं असं की गंधकाला चांदीपेक्षा ॲल्युमिनिअम जास्त जवळचं. गंधक चांदीला सोडून जातं आणि थरातली चांदी तिथेच मागे राहते. घासण्यात थर चांदीसकट जातो, यात फक्त गंधक जातं. माझ्या लेखी या उपायाचं सगळं मोल एवढ्यातच आहे.

पण मागे राहिलेली ती चांदी खरखरीत, सच्छिद्र असते. त्यामुळे बाहेर काढल्यावर दागिना पांढरा पण मंद, दुधी दिसतो. तसाच ठेवला तर लवकर पुन्हा काळवंडतो. "फॉइलने केलं तर पंधरा दिवसांत परत काळं" या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच, शेवटची पायरी गाळलेली. म्हणून चार पाण्यांनी धुवा, म्हणजे मीठ राहणार नाही, पूर्ण वाळवा, आणि मऊ सुती किंवा चांदी पुसायच्या कापडाने एकाच दिशेने हलकं चोळून झळाळी आणा. गोल गोल नको.

हे कशावर करायचं नाही ते आता. मोती, पोवळं, पाचू, फिरोजा असलेला कुठलाही दागिना. कुंदन, मिन्याचं काम, किंवा गोंदाने बसवलेले खडे. आत लाख भरलेले पोकळ तोडे, कडी, बिल्वर. उकळत्या पाण्याने लाख मऊ होते, फुगते, सांध्यातून बाहेर येते, आणि मग त्या दागिन्याचा आकारच बसतो. दोऱ्यात ओवलेलं काहीही. सोन्याचं पाणी दिलेली चांदी. ऑक्सिडाइज्ड. आणि जे नक्की काय आहे हेच माहीत नाही ते.

आणखी दोन नेहमीच्या उपायांबद्दल. टूथपेस्ट, दंतमंजन, राख, भांडी घासायची पावडर: चांदी फार मऊ धातू आहे, बारीक ओरखडे पडतात, आणि त्या ओरखड्यांत काळवंड अधिक घट्ट बसते. लग्नातल्या ताटावर एकदा केलंत तर काही बिघडत नाही, दर महिन्याला नको. चिंच आणि लिंबू: तांब्या-पितळेला उत्तम. चांदीच्या काळवंडीवर त्यांचा फारसा जोर चालत नाही, पण हलक्या टंचाच्या चांदीतलं तांबं मात्र खातात. बाजारात बुडवून काढायची द्रावणं मिळतात. काम झटपट होतं, पण त्यातलं रसायन कड्यांच्या आत राहिलं तर तेच पुन्हा काळं करतं. वापरलंत तर काही सेकंद बुडवून पाच पाण्यांनी धुवा. फाशात स्टीलची स्प्रिंग असेल तर वापरूच नका.

पाचवी: ही चांदी आहे ना?

वरचं सगळं करूनही महिन्याभरात हिरवं-काळं होत असेल तर इथे या.

फाशाच्या पट्टीवर किंवा कडीच्या आतल्या बाजूला भिंगातून आकडा शोधा. 925 म्हणजे हजार भागांत 925 भाग चांदी, बाकी मुख्यतः तांबं. शुद्ध चांदी इतकी मऊ की तिचे पैंजण टिकायचेच नाहीत, म्हणून तांबं घालावंच लागतं. पैंजणाची चांदी कित्येकदा 925 पेक्षा बरीच हलक्या टंचाची असते, आणि जितकं तांबं जास्त तितकी ती लवकर रंग बदलते. यात फसवणूक असेलच असं नाही. पैंजण आपटतात, ओढले जातात, त्यांना कडकपणा लागतो. पैसे मात्र त्याच टंचाचे दिलेत ना, हे पावतीवर बघायचं. सोन्याला हॉलमार्क 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीसाठी सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक) 1 सप्टेंबर 2025 पासून आला, पण तो ऐच्छिक आहे. दागिन्यावर तो असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळता येतो. जुन्या दागिन्यावर काहीच नसेल, त्यात घाबरण्यासारखं नाही. आजीच्या काळात सोनाराचा शब्दच शिक्का होता.

लोहचुंबक लावून बघायला हरकत नाही, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. चिकटलं तर आत लोखंड आहे. (फाशातल्या स्प्रिंगला चिकटून फसू नका, साखळीला लावा.) चिकटलं नाही म्हणजे चांदी असं मात्र नाही, तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हर यांनाही चुंबक चिकटत नाही. जर्मन सिल्व्हर या नावात चांदी आहे, धातूत नाही. तांबं, निकेल आणि जस्त. निकेलमुळे कुणाकुणाला खाज येते, पुरळ उठतं. पायाला तसं होत असेल तर ते घालणं आजच बंद करा.

यापुढे अंदाज बांधू नका. बऱ्याच सराफांकडे आणि हॉलमार्किंग केंद्रांत टंच तपासायचं एक्स-रे यंत्र असतं. दागिना न तोडता काही मिनिटांत उत्तर मिळतं. मात्र ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं, तेव्हा जाड मुलामा असल्याची शंका असेल तर तसं आधी सांगा.

सहावी: घराची हवा

हे सगळ्यात शेवटी, कारण शोधायला वेळ लागतो. पण मला सगळ्यात समाधान देऊन गेलेलं प्रकरण हेच.

नणंदेचं ठाण्यातलं घर. चांदी चांगली, टंच तपासलेली, पिशव्यांत ठेवलेली. तरी पंधरा दिवसांत तपकिरी. तिला मी सांगितलं, सगळं फॉइलमध्ये उजळ आणि मग जोडव्यांचे सुटे नग घरभर उघडे ठेव. एक हॉलच्या शोकेसमध्ये, एक देवघरात, एक स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीतल्या कपाटात. चिठ्ठी लावून. आठ दिवसांनी तिने चारही ओळीत मांडून फोटो पाठवला. हॉलमधलं पांढरं. देवघरातलं पांढरं. स्वयंपाकघरातलं किंचित पिवळसर. कपाटातलं मधासारखं तपकिरी.

कपाटाच्या मागच्या भिंतीला लागून पाहुण्यांचं बाथरूम. पाहुणे वर्षातून दोनदा. तिथल्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी कधीच आटून गेलेलं. जाळीखाली जे पाणी साचून राहतं ते उगाच नसतं. गटाराचा वायू वर येऊ नये म्हणून ते झाकण असतं. पाणी आटलं की वायूला रस्ता मोकळा. तिला वास येत नव्हता, कारण रोजच्या वासाची नाकाला सवय होते आणि इतका थोडा वायू नाकाला कळतही नाही. चांदीला कळत होता. दर रविवारी एक बादली पाणी ओतायचं ठरवलं. पुढच्या गौरीला तिची पिशवी आलीच नाही.

तुमच्याकडेही असंच करून बघा. चार जोडवी नसतील तर उजळलेले चार चमचे चालतील. एकाच खोलीतलं काळं झालं तर त्या खोलीतला ड्रेनेजचा पाइप, सुकलेला ट्रॅप, ओल आलेली भिंत बघा. चारही सारखेच काळे झाले आणि घर नाल्याच्या किंवा खाडीच्या काठावर असेल, तर बाहेरच्या हवेला इलाज नाही. अशा वस्त्यांत एसीची तांब्याची कॉइलसुद्धा वारंवार गळते, शेजाऱ्यांना विचारून बघा. तिथे हवाबंद डबा एवढाच उपाय. ट्रॅपमध्ये पाणी टाकूनही घाण वास येत राहिला तर प्लंबर बोलवा. तो वायू जास्त झाला तर माणसालाही बाधतो.

इथे हात थांबवा

फासा सैल झालाय, कडी झिजून तुटायला आलीय, खडा हलतोय: आधी सोनार, सफाई नंतर. ब्रश लागून खडा पडला की दोष ब्रशला जातो. लाख भरलेले, मोत्यांचे, मिन्याचे, मुलामा उडालेले दागिने घरी धुऊसुद्धा नका, कोरड्या कापडाने पुसून सोनाराकडे न्या. फॉइलमध्ये दोनदा करूनही राखाडी थर हलत नसेल तर तो क्लोरीनचा असण्याची शक्यता मोठी. तिसऱ्यांदा करू नका. आणि घरात थर्मामीटर फुटून पारा लागला असेल, तर सोनं-चांदी दोन्ही ताबडतोब बाजूला ठेवा, घासू नका, तापवू तर मुळीच नका. पारा धातूत शिरतो आणि तापवलं की त्याची विषारी वाफ होते. सोनाराला तसं स्पष्ट सांगून द्या, म्हणजे तो नकळत भट्टीवर धरणार नाही.

दारावर "दागिने चकाचक करून देतो" म्हणत येणाऱ्याला मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आधी तो पितळेचा तांब्या फुकट लख्ख करून दाखवतो, मग चांदी, मग हळूच "ताई, गळ्यातलंही द्या." त्याच्या भांड्यातलं पाणी साधं नसतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण सोनं विरघळवतं, आणि तो पाणी घेऊन निघून जातो. मंगळसूत्र दिसायला झळझळीत परत येतं, काट्यावर ठेवलं की कळतं.

ओळखीच्या सोनाराकडेही देताना तुमच्यासमोर वजन करून पावतीवर लिहून घ्या, परत घेताना पुन्हा करा. चांगल्या सोनाराला याचा राग येत नाही. उजळायची जुनी रीत म्हणजे तापवणं, पातळ आम्लात बुडवणं, मग रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रश. यात वरचं तांबं निघून जातं आणि पांढरीशुभ्र साय मागे राहते. मशीनवर बफ मारणं (फिरत्या चाकावर धरून घासणं) याहून लवकर होतं, म्हणून विचारलं नाही तर तेच होतं. नक्षी असेल तर "बफ नको, ब्रशच मारा" एवढं सांगायला विसरू नका. माझ्या आजीच्या तोड्यांवर मोर होते. आता बोट फिरवलं तर मोराची मान लागते, पिसारा लागत नाही.